प्रकाशाचे उपासक : दादासाहेब फाळके

मुदखेडच्या परिसरातील मळ्यांत गुलाब, झेंडू यांची फुले भल्या पहाटे तोडली जातात. काल सायंकाळी जी कळी होती, तिचे आज फूल झालेले असते. परंतु कळी उमलत असताना तिचे ते उमलणे प्रत्यक्ष कोणी पाहिले आहे काय? तिच्यासमोर तासभर टक लावून बसले, तरी एकही पाकळी हललेली दिसत नाही. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल मांडवावर चढतो; पण सृष्टीची ही कामे इतक्या संथपणे चालतात की, माणसाच्या डोळ्यांना त्यांची चाहूलही लागत नाही.

डोळ्यांना न दिसणारी ही वाढ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने छायाचित्रांच्या साहाय्याने लोकांसमोर पडद्यावर उभी केली. त्यासाठी त्याने घरातील एका कुंडीत वाटाणा पेरला होता. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून साऱ्या देशाला ते ठाऊक आहेत. परंतु पहिला चित्रपट काढण्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी छायाप्रकाशाची जी उपासना केली, तिची माहिती फार थोड्यांना असते. त्या उपासनेतूनच पुढचे सारे यश उगवले.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण होते. पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले, तेव्हा त्यांचे कुटुंबही मुंबईस आले. धुंडिराजांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथील चित्रकलेचा प्राथमिक अभ्यास पुरा करून ते वडीलबंधूंबरोबर बडोद्यास गेले.

बडोद्यात त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. त्यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. धुंडिराज तेथे तैलचित्रे व जलचित्रे काढण्यास शिकलेच, परंतु त्यांचे मन विशेष रमले ते छायाचित्रणाच्या अंधाऱ्या खोलीत. त्यांची चिकाटी पाहून गज्जरांनी संस्थेची छायाचित्रणाची प्रयोगशाळाच त्यांच्या हवाली केली. काय हवे ते करून पाहण्याची मुभा मिळाल्यावर या तरुणाने दिवसरात्र एक केला.

छायाचित्र म्हटले की आपल्याला प्रथम कॅमेरा आठवतो. खरे पाहता चित्र उमटवितो तो प्रकाश. कॅमेरा हे त्याला वाट दाखविणारे साधन होय. चांदीच्या काही क्षारांचा लेप कागदावर दिला आणि त्या कागदावर एखादे पान ठेवून तो उन्हात धरला, तर उघडा भाग काळवंडतो व पानाखालचा भाग पांढरा राहतो. कॅमेऱ्यावाचून पानाचे चित्र तयार होते! इंग्लंडमध्ये टॅल्बट या संशोधकाने छायाचित्रणाच्या अगदी आरंभीच्या काळात अशी चित्रे काढली. त्याच देशातील ॲना ॲट्किन्स या विदुषीने १८४३ पासून समुद्रातील शेवाळाचे शेकडो नमुने निळ्या रंग धरणाऱ्या कागदावर ठेवून, निव्वळ सूर्यप्रकाशाने त्यांची चित्रे उमटविली व त्यांचे ग्रंथ सिद्ध केले. इमारतींच्या व लोहमार्गांच्या नकाशांच्या निळ्या प्रती पुढे कित्येक वर्षे त्याच रीतीने काढल्या जात असत.

कलाभवनात धुंडिराजांनी याच विद्येची दुसरी शाखा हस्तगत केली. ती म्हणजे छपाईसाठी ठसे तयार करण्याची कला. या कामात दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर एक रासायनिक लेप देतात. त्यावर चित्राची काच ठेवून प्रकाश पाडला की, जेथे प्रकाश पोहोचतो तेथे लेप घट्ट होतो आणि जेथे पोहोचत नाही तेथील लेप धुऊन जातो. अशा रीतीने प्रकाश हाच कारागीर होऊन ठसा कोरतो. एकाच चित्राचे पिवळा, तांबडा व निळा या तीन रंगांसाठी तीन वेगळे ठसे करून ते एकावर एक छापले, म्हणजे सर्व रंगांचे चित्र तयार होते. हे तिरंगी ठसे करण्याचे बारकावे शिकण्यासाठी धुंडिराज रतलामलाही जाऊन आले. प्रकाश किती वेळ पडू द्यावा, द्रावण किती तीव्र असावे, काच केव्हा बाहेर काढावी, हे सारे त्यांनी स्वतःच्या हातांनी, चुकत आणि सुधारत आत्मसात केले.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. परंतु सुख त्यांच्या वाट्याला फार दिवस आले नाही. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल ही दोघेही दगावली. दुःखी मनाने ते बडोद्यास परतले. तेथेही व्यवसाय नीट चालेना. छायाचित्र काढले की माणसाच्या अंगातील शक्ती यंत्रात ओढली जाते आणि त्याचे आयुष्य घटते, अशी समजूत तेव्हा पुष्कळ लोकांत होती. ज्या प्रकाशाच्या करामतीने धुंडिराजांना मोहून टाकले होते, तिचेच लोकांना भय वाटत होते. धुंडिराज लोकांना हसले नाहीत आणि आपली विद्याही त्यांनी टाकली नाही. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे खेळही करू लागले. माणसाच्या डोळ्यांना कसे चकविता येते, हे ज्ञान त्यांना पुढे फार उपयोगी पडले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. दुसऱ्याच वर्षी धुंडिराजांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. पगार निश्चित होता, काम मनाजोगते होते. तथापि वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ देशभर पसरली आणि आपल्या विद्येचा उपयोग स्वतंत्र धंद्यात करावा, असे त्यांना वाटू लागले. नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे काम त्यांच्याकडे येई. पुढे हा कारखाना दादरला आला व लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने भरभराटीस चढला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. परंतु परतल्यावर काही काळाने भागीदारांशी मतभेद झाले आणि आपण उभा केलेला कारखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. त्या वेळी त्यांचे वय चाळिशी उलटलेले होते.

याच विवंचनेच्या दिवसांत, १९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास, मुंबईतील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर चित्रे चालत होती, बोलण्याचे हावभाव करीत होती. फाळके ती पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ यांची दृश्ये उभी राहिली. आपल्या देशातील कथा आपल्याच लोकांनी अशा पडद्यावर का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना झपाटून टाकले. दुसऱ्या वेळी ते सरस्वतीबाईंनाही चित्रपट पाहावयास घेऊन गेले.

मग त्यांनी अभ्यास आरंभिला. रोज सायंकाळी ते चार चार तास चित्रपट पाहत. एक लहानसे यंत्र व फिल्मचे काही तुकडे मिळवून, मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून, ते घरच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहत. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही, असे महिने गेले. या अतिश्रमाचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्यांच्या डोळ्यांना विकार जडला आणि काही दिवस तर त्यांना दिसेनासे झाले. ज्याचे सारे जीवन प्रकाशावर उभे होते, त्याच्यापुढे अंधार पसरला. सुदैवाने एका कुशल डॉक्टरांचे उपचार लागू पडले आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या आधाराने त्यांची दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता, तर येथेच थांबला असता. फाळक्यांनी दृष्टी परत येताच पुन्हा तेच काम हाती घेतले.

चित्रपट काढण्याचे तंत्र शिकण्यासाठी विलायतेस जाणे अवश्य होते. त्यासाठी पैसा हवा होता. फाळक्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांची ओळख असलेले कोणी नव्हते. चित्रपटांविषयीच्या एका साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ त्याच्या संपादकांच्या कचेरीत शिरले. संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यातील धोके सांगितले. परंतु त्यांची जिद्द पाहून सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपट-निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या कार्यशाळेत फाळक्यांनी सर्व कामे डोळ्यांखालून घातली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले.

मे महिन्यात यंत्रे आली. खोकी उघडून, सोबतच्या कागदावरील आकृत्या पाहून फाळक्यांनी ती स्वतःच जोडली. पण चित्रपट काढण्यास लागणारा पैसा कोण देणार? सावकारांना फाळक्यांची स्वप्ने दिसत नव्हती, आणि केवळ शब्दांनी ती दाखविता येत नव्हती. तेव्हा फाळक्यांनी बोलणे सोडून प्रयोग करून दाखविण्याचे ठरविले.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेण्यास प्रारंभ केला. चित्रपट म्हणजे झपाट्याने एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे होत. मूकपटांच्या काळात एका सेकंदाला साधारणपणे १६ चित्रे पडद्यावर येत. म्हणजे एका मिनिटाच्या दृश्याला ९६० चित्रे लागतात. महिनाभराची वाढ एका मिनिटात दाखवावयाची तर रोज ३२ चित्रे घ्यावी लागतील, असा हिशेब पडतो. अशा कामात हुशारीपेक्षा धीराची कसोटी अधिक लागते. कुंडीला कोणाचा धक्का लागला, कॅमेरा बोटभर सरकला किंवा एखाद्या दिवशी कंटाळा केला, तर आधीचे सारे श्रम वाया जावयाचे. आज घेतलेले चित्र चांगले की वाईट, हेही फिल्म धुतल्यावाचून कळावयाचे नाही.

फाळके महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीचे पहारेकरी झाले. माती फुटून अंकुर वर आला, पाने उलगडली, वेल आधार शोधू लागला; आणि कॅमेऱ्याने ते सारे टिपून ठेवले. मग फिल्म धुऊन तयार झाली आणि काही निवडक मंडळींना ती दाखविण्यात आली. पडद्यावर बघता बघता बी रुजले, अंकुराने मान वर काढली आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा वेल झाला! सृष्टीने ज्याला महिना लावला, ते मिनिटाभराच्या अवधीत घडले. ज्या यंत्राने माणसाचे आयुष्य घटते असे लोक मानीत, त्याच यंत्राने इवल्याशा बियाचे जीवन उलगडून दाखविले होते. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांना हे पाहून फाळक्यांच्या कर्तृत्वाची खात्री पटली व त्यांनी पैशाची व्यवस्था करून देण्याचे मान्य केले.

तरीही कर्जाला तारण हवेच होते. त्या वेळी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. त्यांचा वाटा तेवढाच नव्हता. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम पूर्ण अंधारात करावे लागे. दिवसा घरकाम उरकून ही माउली रात्री अंधाऱ्या खोलीत बसे आणि हाताच्या अंदाजाने ते किचकट काम करी. फिल्म धुण्याची रसायने मिसळणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर उजेड पाडणे, आणि शिवाय कामावरील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांनी हौसेने केले. फाळक्यांच्या कार्याचा इतिहास सरस्वतीबाईंच्या नावावाचून अपुराच राहील.

या तयारीतून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट निर्माण झाला. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नसल्यामुळे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र होता. लेखक, दिग्दर्शक, रंगभूषाकार आणि फिल्म धुणारा कारागीर अशी अनेक कामे फाळक्यांनी स्वतः केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात हा ३,७०० फूट लांबीचा मूकपट लोकांसाठी दाखविण्यात आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालिया मर्दन’ हे त्यांचे चित्रपट फार गाजले. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. कॅमेरा मध्येच थांबवून एखादी वस्तू अदृश्य करणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, अशा युक्त्यांनी त्यांनी पडद्यावर चमत्कार घडविले. प्रोफेसर केळफांची जादू आणि कलाभवनातील छायाचित्रकाराचे शास्त्र यांचा येथे मिलाफ झाला. या मोठ्या चित्रपटांच्या गडबडीतही त्यांच्यातील प्रयोगकर्ता जागा होता. आगकाड्यांची एकेक हालचाल टिपून, त्या जणू आपोआप चालत आहेत असे दाखविणारी ‘आगकाड्यांची मौज’ ही लहानशी चित्रफीत त्यांनी केली. चित्रपट कसे तयार होतात, हेही त्यांनी एका चित्रफितीतून लोकांना दाखविले. आपली विद्या झाकून ठेवावी, असे त्यांना कधी वाटले नाही.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पण भागीदारांशी न पटल्यामुळे फाळके काही काळ काशीस जाऊन राहिले. पुढे ते परतले. मात्र १९३१ पासून आपल्याकडे बोलपट येऊ लागले आणि मूकपटांचा जमाना ओसरला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट पूर्ण केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. चित्रपटांवर लाखो रुपये मिळविणारे हे गृहस्थ अखेरच्या काळात साधेपणाने व ओढगस्तीत नाशिकला राहत होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या बहुतेक चित्रफिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग व आणखी थोड्या फिती जपून ठेवण्यात आल्या आहेत. चित्रपटसृष्टीची मोठी सेवा करणाऱ्यांना भारत सरकार १९६९ पासून दादासाहेब फाळके यांच्या नावे पुरस्कार देऊ लागले, आणि त्यांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले.

दादासाहेबांपाशी धनाचा साठा नव्हता की मोठ्यांचा आधार नव्हता. त्यांच्यापाशी होती ती प्रकाशाच्या स्वभावाची बारीक ओळख, वाट पाहण्याची तयारी आणि आपले म्हणणे कृतीने पटवून देण्याचे सामर्थ्य. हजारो माणसांच्या कामातून आज उभ्या राहिलेल्या विशाल भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभ शोधत गेले, तर वाटेत एक कुंडी, तीत रुजलेला वाटाणा आणि त्याच्यासमोर दिवसांमागून दिवस न कंटाळता बसलेला, चष्मा लावलेला एक माणूस भेटल्यावाचून राहत नाही.